तिला विचारलं होतं का?



माझ्या लग्नाचा बस्ता गांधीनगरात बांधला होता. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. लग्न ठरलं की घरची दहा-बारा माणसं टेम्पो करून गांधीनगरला निघायची, सिंधी दुकानदाराच्या पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसायची आणि मानपानाच्या साड्या, टॉवेल-टोप्या, नवरीचा शालू असं सगळं एका दिवसात उरकून दिवेलागणीला गाठोडी घेऊन परतायची. त्या गादीखालच्या जमिनीवर आधी कुणाची वस्ती होती हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. लग्नानंतर मी इकडं आले, पनवेल-बेलापूरच्या कोर्टांत तीसेक वर्षं वकिली केली आणि फार उशिरा ते वाचनात आलं.

मला दिलेला विषय आहे युद्धाच्या आणि संकटाच्या प्रदेशांतले स्त्रियांचे हक्क. मी युद्धभूमीवर गेलेली नाही. पण माझ्या कामातून मला एक प्रश्न मिळाला आहे आणि तोच हातात धरून मी या विषयात शिरणार आहे. संकटात सापडलेल्या बाईसाठी जे काही ठरवलं गेलं, ते ठरवताना तिला विचारलं होतं का?

तर गांधीनगर. दुसऱ्या महायुद्धात तिथं वळिवडे छावणी होती आणि त्या छावणीत पोलंडच्या बायका राहत होत्या.

१९३९ च्या सप्टेंबरात पोलंडचे दोन लचके तोडले गेले. पश्चिमेचा जर्मनीनं घेतला, पूर्वेचा सोव्हिएत रशियानं. १० फेब्रुवारी १९४० च्या कडाक्याच्या थंडीत पूर्वेकडच्या गावांतून माणसं उठवायला सुरुवात झाली. दारावर थाप पडायची, काय बरोबर घ्यायचं ते ठरवायला थोडी मिनिटं मिळायची आणि मग सैबेरिया, कझाकस्तानकडं जाणाऱ्या मालगाड्या. पुढच्या दीड वर्षात अशी लाखो माणसं गेली. पुष्कळ घरांतला कर्ता पुरुष आधीच तुरुंगात किंवा युद्धकैदी झालेला होता, त्यामुळं डब्यात बसलेल्यांत बायका, पोरं आणि म्हातारी फार होती. लाकूडतोड, वीटभट्ट्या, सामुदायिक शेतं, कुठंही राबायचं. जून १९४१ मध्ये जर्मनी रशियावर उलटला आणि चित्र पालटलं. जुलैअखेरीस लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारचा रशियाशी करार होऊन कैद्यांची सुटका झाली. पुरुष जनरल अँडर्स यांच्या फौजेत भरती होऊ लागले आणि १९४२ मध्ये त्या फौजेच्या मागोमाग बायका-मुलं कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. टायफसनं, उपासमारीनं वाटेत किती गेली याला गणती नाही. उरलेल्यांना ठेवायचं कुठं?

जामनगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहांनी बालाचडीला पोलिश मुलांसाठी घर उभारलं, ती गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत आहे. कोल्हापूरची गोष्ट त्याहून मोठी, पण आपल्याच लोकांना कमी ठाऊक. १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानात, पंचगंगेच्या खोऱ्यात वळिवड्याला बराकी उभ्या राहिल्या. खर्च मुख्यत्वे लंडनमधल्या पोलिश सरकारचा. तिथं पाच हजारांच्या आसपास पोलिश माणसं पाच वर्षं राहिली. शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, स्काउटची पथकं होती. नवरे, भाऊ, मोठे मुलगे इटलीत लढत होते, तेव्हा शाळेत शिकवणं, रुग्णांची शुश्रूषा, शिवणकाम, हिशेब, नाटकं, सणवार हे सगळं बहुतेक बायकांनीच पेललं. माझी आजी सांगायची, त्या बाजारात यायच्या आणि बोटांनी भाव करायच्या. भाजीवाल्या बायका त्यांच्या पोरांच्या हातावर एखादं केळं ठेवायच्या.

१९४४ च्या मे महिन्यात याच अँडर्सच्या फौजेनं मॉन्टे कॅसिनोचा डोंगर जिंकला. त्याच मोहिमेत, जुलैमध्ये, आपल्या रायगड जिल्ह्यातल्या माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे मराठा लाइट इन्फंट्रीतून लढताना पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे त्या उन्हाळ्यात इटलीतून येणाऱ्या तारेची धास्ती वळिवड्याच्या बराकीत होती आणि कोकणातल्या मातीच्या घरांतही होती. युद्धाचा इतिहास लिहिताना डोंगर कुणी जिंकला ते आपण नोंदवतो. तारेची वाट बघणाऱ्या बाईचे ते महिने कुठल्या दप्तरात नोंदवायचे, ते अजून ठरलेलं नाही.

आता मी मुद्द्याशी येते. युद्ध संपलं. छावणी कायमची ठेवता येणार नव्हती. या बायकांचं काय करायचं? त्यांचा देश नकाशावर होता, पण त्यांची गावं आता रशियाच्या हद्दीत गेली होती आणि उरलेल्या पोलंडवर ज्यांची सत्ता होती त्यांच्यावर, सैबेरिया भोगून आलेल्यांचा, विश्वास नव्हता. अशा वेळी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं १२ फेब्रुवारी १९४६ रोजी एक ठराव केला. ज्या निर्वासिताची मायदेशी परतण्याला रास्त हरकत आहे, त्याला परतण्याची सक्ती करायची नाही. वळिवड्यातल्या माणसांना त्याचा आधार मिळाला. कुणी पोलंडला परत गेल्या, पुष्कळ जणी इंग्लंडला फौजेतल्या आपल्या माणसांकडं गेल्या, कुणी पुढं ऑस्ट्रेलिया, कॅनडा गाठलं. निवड सोपी नव्हती, पर्यायही फार नव्हते. तरीही एका कागदावर, कुठं जाणार, हा रकाना होता आणि तो भरण्याचा अधिकार तिचा होता. १९४८ मध्ये छावणी रिकामी झाली.

याच वर्षांत आपल्याकडं काय चाललं होतं?

फाळणीच्या दंगलींत दोन्ही बाजूंच्या हजारो बायका पळवल्या गेल्या. ६ डिसेंबर १९४७ रोजी लाहोरला दोन्ही सरकारांत समझोता झाला, की अशा बायका शोधून आपापल्या देशात परत पोचवायच्या. त्या कामात मृदुला साराभाई, रामेश्वरी नेहरू, कमलाबेन पटेल यांच्यासारख्या बायका पडल्या. त्यांच्याविषयी मी आदरानंच बोलेन. जाळपोळीच्या गावांत जाऊन त्यांनी बायका सोडवल्या. गुरांसारख्या विकल्या गेलेल्या, कोंडून ठेवलेल्या मुली त्यांच्यामुळं घरी पोचल्या. घरच्यांनी दार लावून घेतलं तेव्हा आश्रमात त्यांना जवळ घेणाऱ्याही याच होत्या. गांधीजींना आणि पंडितजींना लोकांना जाहीर आवाहन करावं लागलं, की या मुलींचा काही दोष नाही, त्यांना घरात घ्या.

पण १९४९ मध्ये या कामासाठी जो कायदा झाला, तो वकील म्हणून वाचताना माझा हात थांबला. १ मार्च १९४७ पूर्वी जी मुसलमान होती आणि त्यानंतर कुटुंबापासून तुटून दुसऱ्या कुणाकडं राहत आहे, अशी कोणत्याही वयाची स्त्री म्हणजे 'अपहृत व्यक्ती'. पुरुषांच्या बाबतीत ही व्याख्या सोळा वर्षांखालच्या मुलापुरती. बाईला मात्र वयाची अटच नाही. चाळीस वर्षांची असली तरी ती या कायद्यापुरती अजाण. पोलिसांनी वॉरंटशिवाय घरात शिरून तिला ताब्यात घ्यायचं, छावणीत ठेवायचं. ती अपहृत आहे की नाही याचा वाद निघाला तर न्यायाधिकरण ठरवणार, आणि छावणीत ठेवण्याला इतर न्यायालयांत आव्हान नाही. 'मला जायचं नाही' असं म्हणण्यासाठी तिला त्या कायद्यात जागाच नव्हती.

अशाही बायका होत्या ज्यांना जायचं नव्हतं. ज्या माणसाकडं ती राहिली तो पळवणाराच असेल, किंवा आसरा देणारा असेल. दोन वर्षांत तिथं मूल झालं असेल. परत गेल्यावर माहेर घेईल का, हे तिला आपल्यापेक्षा नीट ठाऊक होतं. ती ओरडत, झटापट करत निघाली तरी ट्रक निघाला. एकदा जबरदस्तीनं नेलेल्या बाईला दुसऱ्यांदा जबरदस्तीनं नेलं गेलं, या वेळी सरकारी शिक्क्यानं. रामेश्वरी नेहरूंना हे सहन झालं नाही. इच्छेविरुद्ध पाठवणं चूक आहे असं त्या म्हणत राहिल्या आणि शेवटी त्यांनी ते काम सोडलं. १९५२ मध्ये हा कायदा सर्वोच्च न्यायालयापुढं आला. 'स्टेट ऑफ पंजाब विरुद्ध अजायब सिंग' या खटल्यात न्यायालयानं कायदा वैध ठरवला. या कायद्याखाली बाईला ताब्यात घेणं म्हणजे घटनेच्या बाविसाव्या कलमातली 'अटक' नव्हे, असा तो निकाल. मी तो अनेकदा वाचला आहे. तर्क शिस्तीत आहे, आणि तरीही मला तो पटत नाही. जिला दार उघडून बाहेर जाता येत नाही, तिच्या दृष्टीनं त्या बंद दाराला कायद्यात काय नाव आहे यानं काय फरक पडतो?

दोन्ही बाजूंच्या मिळून तीस हजारांच्या आसपास बायका अशा 'परत' आणल्या गेल्या. सुटकेचा श्वास घेतलेल्या त्यांत किती आणि फरपटत नेलेल्या किती, हे सांगता येत नाही, कारण तो रकानाच नव्हता.

आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत झाला. त्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असे शब्द येऊ घातले होते. त्याजागी 'सर्व मानव' हे शब्द यावेत म्हणून आग्रह धरणाऱ्या होत्या भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता. मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठाच्या त्या कुलगुरू होत्या. सगळ्या जगाच्या सनदेत बाईला माणूस म्हणून जागा मिळवून दिली ती आपल्या देशाच्या बाईनं. आणि वर्षभरात आपल्याच देशात कायदा झाला, ज्यात बाई माणूस कमी आणि परत करायची वस्तू जास्त होती. हे करणारे लोक दुष्ट नव्हते. बायकांचं भलं करायला निघालेले होते. म्हणूनच मला त्याची आठवण करून देणं गरजेचं वाटतं.

रिकाम्या झालेल्या वळिवडे छावणीत सिंधमधून उजाडून आलेली माणसं येऊन राहिली आणि ती छावणी गांधीनगर झाली. इकडं कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं, तीच कथा. घरातून निघताना चुलीवरचं तसंच टाकून आलेल्या सिंधी बायकांनी बराकीच्या अंगणात पापड लाटले, लोणची घातली, पोरांना शाळेत घातलं. तिकडं सोडून आलेल्या मालमत्तेच्या बदल्यात सरकार भरपाई देत होतं. त्यासाठी 'क्लेम' भरायचे आणि क्लेम ज्याच्या नावावर मालमत्ता होती त्याचा. अंगावरचे दागिने वाटेत देऊन कुटुंब वाचवणाऱ्या बाईचा क्लेम कुठल्या अर्जावर लिहायचा?

कागद हा शब्द मी पुन्हा पुन्हा वापरते आहे, तो माझ्या धंद्याचा दोष म्हणा. पण संकटात बाईची पहिली गाठ पडते ती कागदाशी. काश्मीरमध्ये 'अर्धविधवा' असा शब्द रुळला. नवरा बेपत्ता आहे, मेल्याचा पुरावा नाही. म्हणून पेन्शन नाही, बँकेतला पैसा काढता येत नाही, पुन्हा लग्न करता येत नाही. सात वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही तर तो मेला असं कायदा गृहीत धरू शकतो, पण त्या सात वर्षांत पोरं मोठी व्हायची थांबत नाहीत. डिसेंबर २०१३ मध्ये तिथल्या उलेमांनी चार वर्षांनंतर अशा बाईला पुनर्विवाहाची मुभा दिली. हे दूरचं वाटत असेल तर आपल्या पालघर-डहाणूच्या किनाऱ्यावर जा. गुजरातच्या बोटींवर गेलेले खलाशी समुद्रातली न दिसणारी हद्द ओलांडली म्हणून पाकिस्तानच्या तुरुंगात पडतात आणि इथं पाड्यावरची बाई महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं, नवरा असून नसल्यासारखी घर चालवते. ना युद्ध, ना शांतता.

काश्मीरचं नाव निघालं म्हणून सांगते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याकडचा एक तरुण, अधिक कदम, नव्वदच्या दशकात पुण्यात शिकताना कुपवाड्याला गेला आणि तिथलाच झाला. त्यानं मित्रांबरोबर 'बॉर्डरलेस वर्ल्ड फाउंडेशन' काढलं आणि २००२ मध्ये कुपवाड्यात हिंसाचारानं पोरक्या झालेल्या मुलींसाठी पहिलं घर सुरू केलं. मोजक्या मुलींनी सुरुवात झालेलं ते काम पुढं खोऱ्यात आणि जम्मूतही वाढलं. मुलींसाठीच घर काढण्यामागं समज होती. बाप गेला की मुलाला कुणीतरी ठेवून घेतं, मुलीचं शिक्षण सुटतं आणि लग्न उरकलं जातं. एका मराठी माणसानं परमुलखात, परधर्मातल्या मुलींसाठी आयुष्य घातलं आणि मुलींची भाषा, धर्म, गाव त्यांच्यापासून तोडलं नाही, याचा मला फार अभिमान वाटतो. वळिवड्यात पोलिश मुलं पोलिश शिकत होती, तेच इथं.

आणि आसरा देऊनही हक्क कसा निसटतो, त्याचं उदाहरणही पोलंडनंच दिलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला. तेव्हा १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी होती, म्हणून सीमेवर आल्या त्या बायका आणि मुलं. ऐंशी वर्षांपूर्वी ज्यांच्या आज्या आपल्याकडं आसऱ्याला होत्या, त्या पोलिश लोकांनी स्वतःच्या घरांची दारं उघडली. स्टेशनांवर ते सूप घेऊन उभे राहिले. पण सैनिकांच्या बलात्कारातून गर्भ राहिलेली बाई तिथं पोचली तेव्हा तिला कळलं, की या देशात गर्भपाताचा कायदा युरोपातल्या सर्वांत कडक कायद्यांपैकी आहे. बलात्काराच्या बाबतीत मुभा होती, पण त्यासाठी सरकारी वकिलाचा कागद हवा आणि तोही बारा आठवड्यांच्या आत. बॉम्बमधून पळून आलेल्या बाईनं परक्या भाषेत, परक्या कचेरीत, आपल्यावर काय झालं ते आधी सिद्ध करायचं. घर मिळालं, अंथरूण मिळालं, आणि स्वतःच्या शरीराबद्दलचा निर्णय दुसऱ्याच्या टेबलावर राहिला.

विचारलं तर काय होतं, याचा नमुना आपल्याच मराठवाड्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. मेलेल्यांचा सरकारी आकडाच आठ हजारांजवळ. पूर्ण उद्ध्वस्त गावं नव्या जागी वसवली, पण त्याखेरीज लातूर-उस्मानाबादच्या हजाराहून जास्त गावांत घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती. या कामात सरकारनं प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम शिक्षण प्रयोग' या संस्थेला घेतलं आणि संस्थेनं गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' नेमलं. ज्या बायका चारचौघांत पदर सोडत नव्हत्या, त्या इंजिनिअरला विचारू लागल्या, की लिंटलचा पट्टा कुठं आहे, मालात सिमेंट किती, दुसरा हप्ता का अडला. घरात दिवसाचे सोळा तास कोण असतं? खिडकी कुठं हवी, चूल कुठं, मोरी कुठं, हे तिला विचारल्याशिवाय घर बांधणं हा शहाणपणा नव्हताच. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा लातूरच्या याच बायका तिकडं गेल्या आणि गुजराती येत नसताना तिथल्या बायकांशी बोलल्या. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं जेमतेम काही महिन्यांपूर्वी, ३१ ऑक्टोबर २००० रोजी, १३२५ क्रमांकाचा ठराव केला होता, की शांततेच्या आणि पुनर्बांधणीच्या निर्णयांत बायका हव्यात. आमच्या औशा-उमरग्याच्या बायकांना तो ठराव माहीत नव्हता. त्यांनी ते काम आधीच सुरू केलेलं होतं.

शेवटी आपल्या पायाखालची जमीन. नवी मुंबईला मी युद्धक्षेत्र म्हणणार नाही, तो खऱ्या युद्धात होरपळलेल्यांचा अपमान होईल. पण १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांची जमीन या शहरासाठी गेली, हे विस्थापनच होतं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच माणसं गेली. त्या लढ्यातून पुढं घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले. लढ्यात आगरी-कोळी बायका रस्त्यावर होत्या. भातखाचरात, मिठागरात, खाडीच्या चिखलात त्या पिढ्यान्‌पिढ्या राबल्या होत्या. सातबाऱ्यावर मात्र नावं बहुतेक पुरुषांची. भरपाई सातबाऱ्यावरच्या नावाला मिळते. खाडीत कोलीम-निवट्या धरून संसार चालवणाऱ्या बाईच्या नावाचा सातबारा नसतो, तिची खाडी बुजली तेव्हा तिच्या हातात काहीच आलं नाही. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला, २००५ मध्ये देशानं दिला. त्यानंतर एक नवा कागद फार दिसू लागला, हक्कसोडपत्र. भूखंडाला सोन्याचा भाव आला होता आणि बहिणीच्या सहीशिवाय तो विकता येत नव्हता. सणाला बोलावायचं, साडी नेसवायची आणि दुसऱ्या दिवशी गाडीत घालून सहीला न्यायचं. माझ्या हाताखालून असे किती कागद गेले, याची मला लाज वाटते. सुरुवातीची कित्येक वर्षं मीही फक्त सही कुठं करायची ते बोटानं दाखवत होते.

एकदा उरणकडच्या एका गावची बाई आली होती. साठीच्या पुढची, कपाळावर मोठं कुंकू, नऊवारी. दोन भाऊ, भाचे बरोबर. मी कागद तिच्यापुढं सरकवला, पॅड उघडलं. तिनं अंगठा पुढं केला आणि मध्येच मागं घेतला. म्हणाली, "ताई, यात काय लिवलंय ते आदी वाचून दावा. सगला." भाऊ म्हणाला, अगं आक्का, आपल्या घरातलाच कागद आहे. ती त्याच्याकडं न बघता म्हणाली, "व्हय, म्हनूनच."

मी वाचायला घेतलं. प्रत्येक कलमापाशी ती थांबवायची, म्हणजे काय ते विचारायची. चतुःसीमेत आलेली नावं ऐकून, तो बांध, ते आंब्याचं झाड, ते खाजण, असं स्वतःशी पुटपुटायची. भाचे बाहेर जाऊन उभे राहिले. पाऊण तास लागला. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, मी अंगठा नाही दिला तर काय होईल? मी सांगितलं, तुमचा हिस्सा तुमच्या नावावर राहील. ती थोडा वेळ बसून राहिली. मग तिनं तो कागद घडी करून पिशवीत घातला, पॅडचं झाकण स्वतःच्या हातानं लावलं आणि उरणची एसटी किती वाजता आहे ते मला विचारलं.